रिकाम्या क्वार्टरडेकला सॅल्यूट कशासाठी?

प्रश्न : आदरणीय सर, सादर नमस्कार. मी सातारा जिल्ह्यातील माण तालुक्याचा रहिवासी असून अग्निवीर म्हणून नौदलात भरती झालो आहे. ओडिशातील आयएनएस चिल्का येथील 16 आठवड्यांचे प्राथमिक प्रशिक्षण पूर्ण करून सध्या सुट्टीवर घरी आलो आहे. मला यंत्रशाखा मिळाली असून सुट्टी संपताच लोणावळ्याला आयएनएस शिवाजीमध्ये हजर व्हायचे आहे. कवायत, पोहणे, गोळीबार यांत मी कमी पडलो नाही. मात्र नौदलाचा इतिहास, प्रथा आणि डॉक्ट्रिन (नौदलाच्या कामाची मूलभूत तत्त्वे) यांचे तास मला जड गेले. प्रेसी (प्रशिक्षणात मिळणाऱ्या छापील टिपा) पाठ केली, उत्तरे लिहिली आणि दोन दिवसांत विसरलो. जहाजावर चढताना कोणी नसलेल्या क्वार्टरडेकला, म्हणजे जहाजाच्या मागच्या वरच्या डेकला, सॅल्यूट करायचा, वेळ सांगायला घंटा वाजवायची, हुकूम शिट्टीवर द्यायचा, हे सारे इंग्रजांचे उरलेले सोपस्कार वाटतात. मला इंजिन चालवायचे आहे. 'सी कंट्रोल' आणि 'सी डिनायल' यांच्याशी माझा काय संबंध? शिवाय चार वर्षांनी आमच्यापैकी जास्तीत जास्त चौथा हिस्साच कायम होणार, तेव्हा ही परंपरा माझी म्हणायची की नाही, हेही कळत नाही. आणखी एक अडचण आहे. गावातील मंडळाने मला गणवेशात येऊन मराठ्यांच्या आरमारावर भाषण करण्याचा आग्रह धरला आहे. काय करावे?

उत्तर : प्रिय अग्निवीर, तुझे पत्र मिळाले. शंका मनात दडवून परीक्षेपुरते लिहिणारे पुष्कळ असतात. तू ती विचारलीस, याचा माझ्यासारख्या निवृत्त मास्टर चीफला (नौसैनिकांतील वरिष्ठ हुद्दा) आनंद वाटणे साहजिक आहे. तुझी अडचण स्मरणशक्तीची नाही. प्रेसीत आधी प्रथा दिलेली असते, मग तिच्यामागची आख्यायिका, आणि त्या प्रथेने जहाजावर कोणते काम भागत होते ते बहुधा दिलेलेच नसते. तू हा क्रम उलटा कर. कोणतीही प्रथा समोर आली की ती कोणत्या अडचणीवर काढलेला तोडगा आहे, हे प्रथम शोध. बहुतेक ठिकाणी उत्तर सापडेल. जिथे ते सापडणार नाही, तिथे ती प्रथा केवळ सवयीने टिकून आहे असे समजायला हरकत नाही, आणि अशाही काही आहेत.

सुरुवात तुझ्या शाखेपासूनच करू. जहाजावरील दिवस वॉचमध्ये, म्हणजे पहाऱ्याच्या ठरलेल्या तासांमध्ये, विभागलेला असतो. रात्री 8 ते 12 फर्स्ट वॉच, 12 ते 4 मिडल वॉच, पहाटे 4 ते 8 मॉर्निंग वॉच, पुढे दुपारी 4 पर्यंत आणखी दोन वॉच, हे तू पाठ केलेच असशील. मग संध्याकाळी 4 ते 8 या चार तासांचेच दोन-दोन तासांचे दोन तुकडे का केले, असा प्रश्न तुला पडला होता का? सगळे वॉच चार तासांचे ठेवले तर दिवसाचे सहा होतात, आणि माणसांच्या दोन किंवा तीन पाळ्या असतील तर एकाच पाळीच्या नशिबी रोज मध्यरात्रीचा मिडल वॉच येत राहतो. दोन छोटे डॉग वॉच घातले की दिवसाचे सात वॉच होतात, आणि पाळ्या आपोआप पुढे सरकून झोपमोडीचा वाटा सर्वांना सारखा मिळतो. कोणा अधिकाऱ्याच्या मेहरबानीवर न सोडता न्याय वेळापत्रकातच बसवून टाकण्याची ही युक्ती आहे. घंटेचेही तसेच. मनगटी घड्याळ नव्हते तेव्हा अर्ध्या तासाची वाळूची काच उलटली की एक ठोका वाढत असे आणि आठ ठोके पडले की वॉच संपत असे. आता इंजिन कंट्रोल रूममध्ये अंकी घड्याळ असते, त्यामुळे ठोक्यांवर कोणाचे काम अडत नाही. परंतु वॉच सोपवण्याची शिस्त त्या काळापासून चालत आली आहे आणि ती मात्र आजही प्राणावर बेतू शकणारी बाब आहे.

लोणावळ्यात ती तुला प्रत्यक्ष शिकवतील. नवा माणूस खाली उतरल्यावर जुन्याने लॉगबुक त्याच्या हातात देऊन निघून जायचे नसते. वंगण तेलाचा दाब, बेअरिंगचे तापमान, जहाजाच्या तळातील बिल्जमध्ये साचलेल्या पाण्याची पातळी हे आकडे दोघांनी एकत्र पाहायचे असतात. गेल्या चार तासांत कोणत्या पंपाचा आवाज बदलला, कोणत्या ग्लँडमधून (फिरत्या दांड्याभोवतीच्या सीलमधून) थेंब गळू लागला, हे तोंडी सांगायचे असते. घेणाऱ्याने 'घेतला' असे म्हटल्याखेरीज देणाऱ्याची सुटका होत नाही. लॉगमध्ये दाबाचा आकडा तासागणिक किंचित खाली येत असेल तर कोणताही एक आकडा धोक्याचा वाटत नाही. तो उतार सलग पाहणाऱ्याच्याच लक्षात येतो. प्रेसीतील 'प्रथा' या प्रकरणात हा भाग तुला सापडणार नाही, कारण तो यंत्रशास्त्राच्या खात्यात टाकलेला असतो. मला विचारशील तर नौदलातील सर्वांत मोलाची प्रथा हीच.

आता शिट्टी. बोसन्स कॉल कधी नीट हातात घेऊन पाहिला आहेस का? त्याच्या वाकड्या नळीला गन म्हणतात, टोकावरच्या पोकळ गोळ्याला बॉय, खालच्या चपट्या पट्टीला कील आणि साखळी अडकवण्याच्या कडीला शॅकल. तोफ, तरंगता बॉय, जहाजाचा कणा आणि जोडकडी अशी जहाजावरची चार नावे तळहातात मावणाऱ्या वस्तूला दिलेली आहेत. फुंकर गनमधून जाते आणि बॉयवर बोटे किती मिटली यावर स्वर चढतो किंवा उतरतो. शिडाच्या जहाजावर वारा सुटलेला असताना, डोलकाठीवर चढलेल्या माणसाला खालून मारलेली हाक ऐकू जात नसे. हा कर्कश स्वर मात्र वाऱ्याला चिरून वर पोहोचत असे. आज घोषणा ध्वनिवर्धकावरून होतात आणि शिट्टीचा कामापुरता उपयोग फारसा उरलेला नाही, हे तुझे म्हणणे मान्य. तरीही 'स्टिल' वाजल्यावर हातातले काम जागच्या जागी थांबवणे आणि 'कॅरी ऑन' वाजेपर्यंत न हलणे ही सवय अंगात मुरलेली असेल, तर तेलाला आग लागलेल्या कंपार्टमेंटमध्येही एका इशाऱ्यावर थांबता येते. कवायतीच्या मैदानावर ही सवय स्वस्तात लागते.

क्वार्टरडेकच्या सॅल्यूटविषयी तुला बहुधा असे सांगितले गेले असेल की जुन्या युरोपीय जहाजांवर तिथे देवाची प्रतिमा असे आणि सॅल्यूट मुळात तिला होता. नौदलाच्या सॅल्यूटमध्ये तळहात खाली का वळतो, याचेही कारण दोरखंडांच्या डांबराने माखलेले हात दिसू नयेत, असे सांगतात. या गोष्टी ऐकायला चांगल्या आहेत, आणि मीही त्या शिकाऊ मुलांना सांगितलेल्या आहेत, परंतु आख्यायिका आणि पुरावा यांत अंतर ठेवायला आतापासूनच शिकलेले बरे. निश्चित एवढे आहे की क्वार्टरडेक ही जहाजावर अधिकाराची जागा होती. हुकूम तिथून सुटत. तुझा सॅल्यूट समोर उभ्या असलेल्या किंवा नसलेल्या कोणा व्यक्तीला नसतो, तर जहाज ज्या प्रजासत्ताकाने बांधले आणि ज्याचा ध्वज त्यावर फडकतो, त्या अधिकाराला असतो. माणसे बदलतात, कमांडिंग ऑफिसर दीड-दोन वर्षांनी बदलतो, म्हणून त्या जागेवर कोणी नसतानाही सॅल्यूट करायला शिकवतात. परीक्षेत मात्र प्रेसीत आहे तेच लिही. तेवढा व्यवहार पाळावा लागतो.

तुझ्या पत्रातील सर्वांत चांगला प्रश्न इंग्रजांविषयीचा आहे. होय, आपल्या नौदलाच्या बहुतेक बाह्य रीती ब्रिटिश नौदलाकडून आलेल्या आहेत आणि ते लपवण्यात काही हशील नाही. परंतु आलेले सारे तसेच ठेवले, असेही झालेले नाही. 26 जानेवारी 1950 रोजी 'रॉयल' हा शब्द गेला. ध्वजावर तैत्तिरीय उपनिषदातील प्रार्थनेच्या आधाराने घेतलेले 'शं नो वरुणः' आज आहे, पण त्याच ध्वजावरील सेंट जॉर्जचा लाल क्रूस 2001 मध्ये काढला, 2004 मध्ये पुन्हा आणला आणि 2 सप्टेंबर 2022 रोजी कोचीला नवे विक्रांत जहाज दाखल होताना कायमचा काढला. त्याच्या जागी आलेला निळा अष्टकोन छत्रपती शिवाजी महाराजांच्या राजमुद्रेवरून घेतलेला आहे. तुझ्या आधीच्या पहिल्या अग्निवीर तुकडीचे दीक्षान्त संचलन 28 मार्च 2023 रोजी चिल्कालाच, प्रथमच सूर्यास्तानंतर झाले आणि तिच्यात 273 मुली होत्या. तुझ्या वेळच्या शिक्षकांना त्यांच्या प्रशिक्षणात मुलींची तुकडी पाहायला मिळाली नव्हती. तेव्हा परंपरा ही कोणी बंद करून ठेवलेली पेटी नाही. ती दर पिढीत तपासली जाते, काही टाकले जाते, काही नव्याने घेतले जाते, आणि तुझ्या पिढीलाही ते करावे लागेल. मात्र टाकण्यापूर्वी तिचे काम काय होते, हे ठाऊक असले पाहिजे.

यातच मी तुला एक तारीख प्रेसीतल्यापेक्षा जास्त सविस्तर वाचायला सांगेन : 18 फेब्रुवारी 1946. मुंबईत कुलाब्याला 'तलवार' नावाचा संदेशवहन प्रशिक्षणाचा तळ होता. तिथे तुझ्याच वयाच्या शिकाऊ आणि कनिष्ठ नौसैनिकांनी निकृष्ट अन्न, गोऱ्यांपेक्षा कमी पगार आणि कमांडिंग अधिकाऱ्याची शिवराळ भाषा यांविरुद्ध जेवण नाकारून संप सुरू केला. तो पाहता पाहता मुंबईतील जहाजांवर, मग कराचीपासून मद्रासपर्यंत पसरला. सुमारे 20 हजार नौसैनिक, 78 जहाजे आणि 20 किनारी तळ त्यात उतरले. त्यांनी आझाद हिंद सेनेच्या कैद्यांच्या सुटकेची आणि इंडोनेशियातून हिंदी सैन्य परत आणण्याचीही मागणी केली. मुंबईच्या गिरणी कामगारांनी पाठिंब्याला हरताळ केला, गोळीबार झाला आणि शहरात दोनशेहून अधिक माणसे मेली. सरदार पटेलांच्या सल्ल्यावरून 23 तारखेला संप मागे घेतला गेला. हा आपला वारसा आहे आणि अवघड वारसा आहे, कारण शिस्तबद्ध दलाला स्वतःच्या इतिहासातील बंडाचा अभिमानही बाळगायचा असतो आणि त्यापासून धडाही घ्यायचा असतो. तुझ्यापुरता धडा असा की मेसमधील अन्न वाईट असेल, सुट्टी अन्यायाने नाकारली गेली असेल किंवा कोणी तोंडाळपणा करत असेल, तर त्यासाठी डिव्हिजनल चीफ आणि डिव्हिजनल ऑफिसर यांच्याकडे रीतसर रिक्वेस्ट करण्याची वाट आहे. ती वापरण्यात कमीपणा मानू नकोस. कुरकुर वर पोहोचण्याची वाट बुजली की काय होते, ते 1946 मध्ये दिसले.

आता डॉक्ट्रिनकडे वळतो. या शब्दाने तू उगाच दबून गेला आहेस. भारतीय नौदलाने आपली सागरी डॉक्ट्रिन पुस्तकरूपाने प्रथम 2004 मध्ये काढली आणि 2009 मध्ये ती सुधारून पुन्हा प्रसिद्ध केली. नौदल कशासाठी असते, ते युद्धात आणि शांततेत कोणकोणती कामे करते आणि ती करताना आपण सर्वांनी कोणत्या समान समजुतीने वागायचे, एवढेच तिच्यात असते. विशिष्ट लढाईचा बेत तिच्यात नसतो. कामांचे चार गट तिने सांगितले आहेत : लष्करी, राजनैतिक, पोलिसी आणि परोपकारी. राजनैतिक म्हणजे परदेशी बंदरांना सदिच्छा भेटी आणि संयुक्त सराव. तिथे लिबर्टीवर (किनाऱ्यावर फिरण्याच्या सुट्टीवर) उतरलेल्या तुझे वागणेही मोजले जाते, एवढे ध्यानात ठेवले तरी पुरे. पोलिसी कामाचे अलीकडचे उदाहरण मार्च 2024 मधले. सोमालियाच्या चाच्यांनी पळवलेले 'रुएन' हे मालवाहू जहाज आयएनएस कोलकाताने भर समुद्रात अडवले, 17 खलाशी सोडवले आणि 35 चाच्यांना मुंबईत आणून पोलिसांच्या ताब्यात दिले. परोपकारी कामासाठी डिसेंबर 2004 ची त्सुनामी आठव. समुद्रतळाचे सर्वेक्षण करणारे आयएनएस निरूपक तेव्हा रुग्णालय बनून इंडोनेशियाला गेले. सर्वेक्षण जहाजाचे इंजिन चालवणाऱ्या माणसाने त्या आठवड्यात रुग्णालयाची वीज चालवली. त्याला ती चार नावे येत असोत वा नसोत, जनरेटर बंद पडता तर शस्त्रक्रिया थांबली असती.

राहिला लष्करी गट, आणि त्यातले तुझे दोन शब्द. एखाद्या समुद्रपट्ट्याचा आपल्याला हवा तेव्हा, हवा तेवढा काळ वापर करता येणे आणि शत्रूला तो करू न देणे हे सी कंट्रोल. स्वतःला वापर करता आला नाही तरी चालेल, पण शत्रूलाही करू द्यायचा नाही, हे सी डिनायल. पहिल्याचे उदाहरण 1971 मधील बंगालच्या उपसागरात आहे. विमानवाहू विक्रांतने कॉक्स बझार आणि चितगाववर विमाने पाठवली, पूर्व पाकिस्तानची बंदरे कोंडली आणि तेथील सैन्याला समुद्रमार्गे सुटका उरली नाही. हे सर्व प्रेसीत असते. पण यंत्रशाखेच्या मुलाला खरे तर त्याआधीची हकीकत सांगायला हवी. 1970 मध्ये विक्रांतच्या बॉयलरांच्या वॉटर ड्रमना तडे गेलेले आढळले. ते वेल्डिंगने बुजणारे नव्हते आणि नवे ड्रम देशात मिळत नव्हते. जहाज कित्येक महिने धक्क्याला पडून होते. ते युद्धात उतरवायचे की नाही यावर वाद झाला आणि शेवटी 1971 च्या मार्चमध्ये कमी दाबावर बॉयलर पेटवून चाचण्या घेतल्या गेल्या. पूर्ण वेग मिळणार नव्हता, तरीही जहाज नेले. त्या डिसेंबरात बंगालच्या उपसागरावरील आपला ताबा बॉयलर रूममध्ये दाबाच्या काट्यावर नजर खिळवून उभ्या असलेल्या स्टोकरांच्या हाती होता. सी कंट्रोलशी तुझा काय संबंध, हे तू विचारलेस; संबंध एवढा थेट आहे.

कराचीवरील हल्लाही याच नजरेने पाहा. निपात, निर्घात आणि वीर या क्षेपणास्त्र नौका किनाऱ्याच्या रक्षणासाठी बनवलेल्या, वेगवान पण कमी पल्ल्याच्या होत्या. त्यांना कराचीपर्यंत नेऊन परत आणायचे तर सोबतीला किल्तान आणि कच्छल ही जहाजे आणि इंधनासाठी पोशक हे तेलवाहू जहाज लागले. 4 डिसेंबर 1971 च्या रात्री त्यांनी पाकिस्तानची खैबर ही विनाशिका आणि मुहाफिज ही सुरुंगनाशक नौका बुडवली, आणि आपल्या एकाही नौकेची हानी झाली नाही. हाच आपला नौदल दिन. तुकडीचे प्रमुख कमांडर बबरूभान यादव यांना महावीर चक्र मिळाले आणि तिन्ही नौकांच्या कप्तानांना वीर चक्र. या यादीत निर्घातवरील मास्टर चीफ एम. एन. संगल यांचेही नाव आहे, आणि त्यांनाही वीर चक्रच मिळाले. तू खालच्या डेकवर, म्हणजे अधिकाऱ्यांत नव्हे तर नौसैनिकांत, राहणार आहेस, म्हणून हे नाव तुला ठाऊक असलेले बरे. बहुतेक भाषणांत ते येत नाही.

त्याच युद्धाची दुसरी बाजूही टाळू नकोस. 9 डिसेंबरला दीवजवळ पाकिस्तानच्या हंगोर पाणबुडीने आयएनएस खुकरीवर टॉर्पेडो सोडला. 18 अधिकारी आणि 176 नौसैनिक गेले. कॅप्टन महेंद्रनाथ मुल्ला यांनी जहाज सोडले नाही. दीवला त्यांचे स्मारक आहे. खुकरी हे नाव नौदलाने थांबू दिले नाही; 1989 मध्ये ते नव्या जहाजाला दिले, आणि ते जहाज 2021 मध्ये निवृत्त झाल्यावर संग्रहालय म्हणून दीवच्याच प्रशासनाकडे सोपवले. जुन्या जहाजाचे नाव नव्याला देण्याची ही रीत प्रेसीत एका ओळीत उरकलेली असते. ती कुठून येते आणि कशाची आठवण ठेवते, हे खुकरीवरून कळते.

सी डिनायल समजण्यासाठी तुला परदेशी उदाहरणाची गरज नाही. 1679 मध्ये शिवाजी महाराजांनी मुंबई बंदराच्या तोंडाशी, थळच्या समोर असलेल्या खांदेरी बेटावर किल्ला बांधायला घेतला. मुंबईच्या इंग्रजांना हे गळ्याला नख लावल्यासारखे वाटले, आणि सिद्दीही त्यांच्या बाजूने उतरला. त्यांची जहाजे मोठी, तोफा जास्त, आणि समोरासमोरच्या तोफांच्या लढाईत मराठ्यांचा निभाव लागणे कठीण होते. मराठ्यांची गलबते मात्र लहान, उथळ तळाची आणि वल्ह्यांवरही चालणारी होती. वारा पडला की इंग्रजांची शिडाची जहाजे जागीच खिळत, आणि रात्रीच्या काळोखात नागावच्या खाडीतून निघालेली गलबते दगड, दाणागोटा आणि माणसे बेटावर उतरवून परतत. दर्यासारंग दौलतखान आणि मायनाक भंडारी यांचे हे काम. समुद्रावर ताबा इंग्रजांचाच दिसत होता, पण त्यांना तो वापरून बांधकाम काही थांबवता आले नाही. 28 सप्टेंबर 2019 रोजी मुंबईत दाखल झालेल्या कलवरी वर्गातील पाणबुडीचे नाव खांदेरी आहे. समुद्र दुसऱ्याला वापरू न देणे हे पाणबुडीचे मुख्य काम असल्यामुळे ते नाव कोणी विचार करून दिले असावे, असे मला नेहमी वाटते.

आणि डॉक्ट्रिन हा प्रकारच परका वाटत असेल तर रामचंद्रपंत अमात्यांच्या आज्ञापत्रातील आरमाराचे प्रकरण सुट्टीतच वाचून काढ. फार मोठे नाही. 'आरमार म्हणजे स्वतंत्र एक राज्यांगच आहे' हे वाक्य सगळे उद्धृत करतात आणि तिथेच थांबतात. मला त्याच ग्रंथातील आरमारासाठी लाकूड तोडण्याविषयीची सूचना जास्त महत्त्वाची वाटते. आंबा-फणसाची लाकडेही आरमाराच्या उपयोगाची आहेत, पण ती झाडे रयतेने लेकरांप्रमाणे वाढवलेली असतात, म्हणून त्यांना हात लावू नये. एखादे फारच जीर्ण झाले असेल तर धन्याला राजी करून, पैसे देऊन, त्याच्या संतोषाने न्यावे, असे तिथे बजावले आहे. जहाज कशाने बांधायचे, ते कुठून आणायचे आणि ते आणताना कोणाला दुखवायचे नाही, याचाही विचार डॉक्ट्रिनमध्येच येतो. लोणावळ्यात सुटे भाग आणि इंधनाच्या नोंदी शिकताना हे आठवले तर तो विषयही कंटाळवाणा वाटणार नाही.

चार वर्षांविषयी मी तुला खोटा दिलासा देणार नाही. तुकडीतील जास्तीत जास्त 25 टक्क्यांना कायम नेमणूक मिळते, आणि तू त्यांत असशीलच असे कोणी सांगू शकत नाही. पण परंपरा नोकरीच्या वर्षांवर ठरत असती तर 1946 चे ते तरुण आणि खुकरीवरील शिकाऊ नौसैनिक त्यात बसलेच नसते. त्यांतले कित्येक नौदलात थोडाच काळ होते. तू चार वर्षे वॉच नीट सोपवलास तर तुझ्यानंतर त्या जागी उभ्या राहणाऱ्याचे काम सोपे होईल. बाहेर पडलास तर वीजनिर्मिती केंद्रातही पाळी सोपवण्याचे काम हेच असते. कायम होण्याच्या निवडीत हे तोंडी परीक्षेपेक्षा अधिक दिसते, असे माझे निरीक्षण आहे. हमी मात्र नाही.

अभ्यासासाठी एक साधी वही कर. डाव्या पानावर प्रथा किंवा डॉक्ट्रिनमधील संज्ञा लिही. उजव्या पानावर तिने भागणारे काम आणि एक खरी घटना, जहाजाचे नाव आणि साल यांसह. सी डिनायलसमोर खांदेरी, सी कंट्रोलसमोर विक्रांतचे बॉयलर, परोपकारी कामासमोर निरूपक. उजवे पान रिकामे राहिले तर शिक्षकांना विचार, आणि विचारताना 'हे कशाला शिकायचे' असे न म्हणता 'हे कोणत्या कामासाठी सुरू झाले' असे विचार. दोन्ही प्रश्नांना मिळणाऱ्या उत्तरांत फरक पडतो, हे मी टेबलाच्या दोन्ही बाजूंनी अनुभवले आहे. मोबाइलवर फिरणाऱ्या आरमाराच्या अतिरंजित गोष्टी वहीत उतरवू नकोस. आपल्या इतिहासाला फुगवण्याची गरज नाही.

मंडळाच्या भाषणाचे सांगतो. सेवेत असताना जाहीर व्यासपीठावर बोलायला, विशेषतः सेवेशी संबंधित विषयावर, परवानगी लागते. मुख्य प्रशिक्षण सुरू होण्याच्या तोंडावर असताना तू ती गृहीत धरू नकोस. मंडळाला नम्रपणे सांग की लोणावळ्याला हजर झाल्यावर डिव्हिजनल ऑफिसरना विचारून पुढच्या वर्षी पाहू. सत्कारापुरते बोलावले तर साध्या कपड्यांत जा, नमस्कार कर, दोन शब्द आभाराचे बोल आणि खाली बस. ते बॅनरवर तुझा गणवेशातील फोटो छापू पाहतील. तो देऊ नकोस. चिल्कामधील इमारती, तुकडीतील मित्रांची नावे, पुढे कुठल्या जहाजावर जाणार, यांविषयी चहाच्या टपरीवरही बोलायचे नाही, आणि रील तर मुळीच करायची नाही. आरमारावर भाषण हवेच असेल तर गावातील इतिहासाच्या शिक्षकांना पुढे कर आणि खांदेरीची हकीकत त्यांच्याशी बसून नीट जुळवून दे. शिक्षकांना परवानगी लागत नाही.